सपाट झालेल्या पायात टेप कशासाठी घालतात?

ऑपरेशनच्या अंदाजपत्रकावर चार-पाच ओळी इंग्रजीत असतात. टाचेचं हाड कापून सरकवणं, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ट्रान्सफर, स्प्रिंग लिगामेंट (हाडांना बांधणारा पट्टा) रिपेअर आणि शेवटी सुचर टेप ऑगमेंटेशन, म्हणजे शिवलेल्या लिगामेंटला टेपचा आधार. त्या शेवटच्या ओळीपुढचा आकडा बघून घरचे विचारतात, ‘ही टेप नाही घातली तर चालत नाही का?’ मी फिजिओथेरपिस्ट. चाकू माझ्या हातात नसतो, पण ऑपरेशननंतर हे पाय माझ्यासमोर पुन्हा चालायला लागतात. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचा राहिलेला प्रश्न माझ्यापाशी येतो. प्रश्न रास्तच आहे. मात्र टेप काय करते हे कळायच्या आधी पाय बसला कसा, म्हणजे त्याची कमान खचली कशी, हे कळावं लागतं.

त्याही आधी एक गैरसमज दूर करतो. सगळे सपाट पाय आजारी नसतात. लहान मुलांचे तळवे सपाटच दिसतात. तळव्यात चरबी असते, सांधे सैल असतात, आणि कमान पुढच्या काही वर्षांत हळूहळू आकार घेते. काहींची मोठेपणीही फारशी उठत नाही, तरी पाय दुखत नाही की अडत नाही. भरतीच्या तयारीला लागलेल्या मुलांचे आईवडील पायाचा ठसा बघून घाबरतात. चवड्यांवर उभं केलं की कमान दिसू लागते, पाय लवचीक आहे, पळताना दुखत नाही, असं असेल तर त्या पायाला ऑपरेशनची गरज नाही.

कोल्हापुरात दुसरा प्रश्न हमखास येतो तो चपलेचा. कोल्हापुरी घालून पाय सपाट होतात का? आपल्याच देशातल्या २,३०० मुलांची एक पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली होती. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. पायताण वापरणाऱ्यांतही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होतं, उघड्या सपाता-चपला घालणाऱ्यांत कमी. तेव्हा चपलेवर खापर फोडायचं कारण नाही. एकदा बसलेल्या पायाला सपाट तळाची चप्पल आधार देत नाही, हे मात्र खरं.

हा लेख ज्या पायाबद्दल आहे तो वेगळा. तरुणपणी चांगली कमान असलेला पाय चाळिशी-पन्नाशीनंतर बसत जातो. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. वजन वाढलेलं, मधुमेह, रक्तदाब, संधिवात, स्टिरॉइडची औषधं, यांपैकी काहीतरी बहुधा सोबत असतं. दिवसभर ओट्यापाशी किंवा दुकानाच्या काउंटरमागे उभं राहणं असेल तर त्रास लवकर जाणवतो. सुरुवातीला घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे-खाली दुखतं आणि सुजतं. ‘मुरगळला असेल’ म्हणून लेप लावले जातात. मग चपलेची आतली कड झिजू लागते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आतलं दुखणं कमी होतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागतं. आतलं थांबलं म्हणून लोकांना बरं वाटतं. खरं तर इतका बसलेला पाय बाहेरच्या बाजूला हाडावर हाड घासू लागलेला असतो.

घरी बघायचं असेल तर दोन गोष्टी पुरतात. पाय ओला करून शहाबादी फरशीवर ठसा उमटवा आणि दोन्ही पायांचे ठसे शेजारी ठेवून बघा. एकाच पायाचा आतला भाग भरत चालला असेल तर लक्ष द्या. दुसरं, भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहा आणि टाच उचला. निरोगी पायाची टाच वर जाताना किंचित आत वळते. बसलेल्या पायाची उचलतच नाही, किंवा उचलली तरी आत वळत नाही. घरच्यांनी मागून बघितलं तर टाच बाहेरच्या अंगाला कललेली दिसते, आणि घोट्याच्या बाहेरून एरवी एखाद-दुसरं बोट दिसावं तिथे तीन-चार दिसतात.

मधुमेह असणाऱ्यांसाठी एक इशारा, आणि तो गंभीरपणे घ्या. पाय एकाएकी सुजला, लाल आणि गरम झाला, पण दुखणं मात्र त्या मानाने काहीच नाही, असं झालं तर ते हे दुखणं नव्हे. नसांची संवेदना गेलेल्या पायात हाडं आतून ढासळतात, त्याला शार्को फूट म्हणतात. तिथे पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. त्या पायाचे उपचार सगळे वेगळे आहेत.

कमान कशावर उभी असते

पायात २६ हाडं. त्यांतली तीन लक्षात ठेवली की पुढचं सगळं समजतं. टाचेचं हाड. त्याच्यावर बसलेलं घोट्याचं हाड, टॅलस. आणि टॅलसच्या पुढे, पायाच्या आतल्या बाजूला, नॅविक्युलर नावाचं लहान हाड. टॅलसला पुढे एक गोल डोकं असतं आणि ते नॅविक्युलरच्या खोलगट भागात बसतं. अंगाचं सगळं वजन नडगीतून टॅलसवर येतं, आणि त्या वजनाखाली टॅलसचं डोकं खाली आणि आतल्या बाजूला घसरायला बघतं.

आता टॅलसच्या डोक्याखाली बघितलं तर तिथे हाड नाही. टाच आणि नॅविक्युलर यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. ती जागा भरून काढणारा जाड पट्टा म्हणजे स्प्रिंग लिगामेंट. टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूला एक छोटा कंगोरा असतो, तिथून निघून हा पट्टा नॅविक्युलरला जाऊन चिकटतो. त्याचे तीन भाग आहेत. वरचा-आतला भाग सर्वांत रुंद आणि सर्वांत महत्त्वाचा, टॅलसचं डोकं त्याच्यावरच टेकलेलं असतं. म्हणून त्याचा वरचा पृष्ठभाग कूर्चेसारखा गुळगुळीत असतो. इतर लिगामेंट्स दोन हाडांना नुसती बांधून ठेवतात. हे हाड झेलतंसुद्धा. नाव स्प्रिंग असलं तरी ते रबरासारखं ताणून परत येत नाही, आणि एकदा लांबलं की लांबलंच.

या पट्ट्याच्या लगत, आतून आणि खालून, एक टेंडन जातं. पोटरीत खोलवर असलेल्या टिबियालिस पोस्टेरियर स्नायूचं ते टेंडन. घोट्याच्या आतल्या हाडाला मागून वळसा घालून ते नॅविक्युलरला धरतं. चालताना प्रत्येक पावलाला कमान उचलून धरणं हे त्याचं काम. लिगामेंट हा न थकता दिलेला आधार, टेंडन हा दर पावलाला लावलेला जोर. टेंडन झिजून कमजोर झालं की सगळा भार लिगामेंटवर येतो आणि ते लांबत, विरत, शेवटी फाटतं. कधी क्रम उलटाही असतो. एखाद्या खेळाडूचा पाय जोरात आत दबून टेंडन शाबूत असताना लिगामेंट फाटल्याची उदाहरणं आहेत, पण ती थोडी. एकदा दोन्ही गेली की टॅलसचं डोकं खाली येतं, टाच बाहेर कलते, आणि पायाचा पुढचा भाग बाहेरच्या बाजूला वळतो.

या दुखण्याचं पहिलं वर्गीकरण १९८९ साली जॉन्सन आणि स्ट्रॉम यांनी केलं, तेव्हा सगळा दोष टेंडनकडे होता. अनेक वर्षं नावही टेंडनचंच होतं. २०२० साली पाय-घोट्याच्या तज्ज्ञांच्या गटाने एकमताने नाव बदललं. नव्या नावाचा अर्थ ‘पायाची वाढत जाणारी ढासळ’ असा होतो. त्यांनी मुख्य भेद दोनच केले, हाताने सरळ करता येणारा लवचीक पाय आणि ताठलेला पाय. त्याखाली विकृती नेमकी कुठे आहे, टाचेत, मधल्या पायात, पुढच्या भागात की घोट्यात, याची वेगळी नोंद करायची. रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा फरक लवचीक की ताठ हाच. पाय ताठला, सांधे झिजले, की बहुधा सांधे जोडून टाकण्याचं ऑपरेशन करावं लागतं, आणि तिथे लिगामेंटला टेप घालण्याचा विषय सहसा उरत नाही. पुढचं सगळं लवचीक पायाबद्दल आहे.

नुसते टाके का टिकत नाहीत

ऑपरेशन हा पहिला उपाय नव्हे, हे आधी सांगतो. सुरुवातीच्या टप्प्यात काही आठवडे बूट किंवा प्लास्टर, मग कमानीला आणि टाचेला नीट धरणारा इनसोल, पोटरी ताणण्याचे आणि टिबियालिस पोस्टेरियरचे व्यायाम, वजन आणि साखर आटोक्यात, एवढ्यावर पुष्कळ पाय शांत होतात. बाजारात मिळणाऱ्या मऊ जेलच्या गाद्या म्हणजे इनसोल नव्हे. त्या मऊ लागतात, पण टाच सरळ धरत नाहीत. हे सगळं काही महिने मनापासून करूनही पाय दुखतोय आणि बसतोय, तेव्हा ऑपरेशनची गोष्ट निघते.

जुन्या पद्धतीत सर्जन लांबलेलं लिगामेंट उघडतात, विरलेला भाग कापतात आणि उरलेल्या कडा एकमेकींवर घेऊन घट्ट शिवतात. कागदावर हे ठीक दिसतं. अडचण अशी की जे शिवायचं ते वर्षानुवर्षं ताणून जीर्ण झालेलं असतं. नव्या कापडाला घातलेला टाका कापडाची ताकद वापरतो. जीर्ण कापडात टाका कितीही मजबूत असो, तोच ते कापत जातो. त्यात जागा अशी की शरीराचं वजन पावलागणिक इथेच येतं.

शिवाय लिगामेंट भरून यायला वेळ लागतो. पहिल्या काही आठवड्यांत तिथे कच्चे, विस्कळीत तंतू तयार होतात. ते ताणाच्या दिशेने रचले जाऊन पक्के व्हायला अनेक महिने जातात. म्हणजे पाय प्लास्टरमधून बाहेर येतो, माणूस भार टाकू लागतो, त्या वेळी आतली दुरुस्ती अजून कच्चीच असते. शिवलेलं पुन्हा लांबतं ते बहुतेक याच काळात.

यावर एक मार्ग म्हणजे दुसरीकडचं टेंडन आणून नवं लिगामेंट घडवणं. त्यासाठी पायाच्या बाहेरच्या बाजूचं पेरोनियसचं टेंडन वापरल्याची कामं प्रसिद्ध आहेत, दात्याचं टेंडनही वापरतात. पण एका ठिकाणचं काढून दुसरीकडे लावणं याची स्वतःची किंमत असते, आणि हाडांत मोठी भोकं पाडावी लागतात. दुसरा मार्ग टेपचा.

ही टेप चिकटपट्टी नाही. सुमारे दोन मिलिमीटर रुंद, चपटी, विणलेली पट्टी असते. तिचे तंतू अतिशय लांब रेणूंच्या पॉलिएथिलिनचे असतात, सोबत पॉलिएस्टर. ती विरघळत नाही, कायम आत राहते. लिगामेंटची दुरुस्ती अशा टेपने पाठराखण करून मजबूत करण्याची कल्पना स्कॉटलंडचे सर्जन गॉर्डन मॅके यांच्या कामामुळे प्रसिद्धीस आली, आणि मुरगळून सैल झालेल्या घोट्याच्या बाहेरच्या लिगामेंटसाठी ती बरीच वापरली जाते. स्प्रिंग लिगामेंटसाठी हे तंत्र २०१३ साली अमेरिकेतल्या सर्जननी लिहून प्रसिद्ध केलं.

बसवण्याची रीत साधारण अशी. टाचेच्या हाडावरच्या त्या कंगोऱ्यात, म्हणजे लिगामेंट जिथून निघतं तिथेच, एक अँकर ठोकतात. अँकर म्हणजे हाडात घट्ट रुतणारी छोटी मेख. ती प्लास्टिकसारख्या पदार्थाची, धातूची किंवा काळाने विरघळणारी असते. टेपचं एक टोक तिच्यात. टेप शिवलेल्या लिगामेंटच्या वरून, त्याच्याच दिशेने नेतात आणि दुसरं टोक नॅविक्युलरमध्ये भोक पाडून स्क्रूने पक्कं करतात. बहुतेक वेळा त्याच भोकात बोटं वाकवणारं टेंडनही आणून बसवतात, म्हणजे झिजलेल्या टिबियालिस पोस्टेरियरच्या जागी जोर लावायला कोणीतरी हवं ते मिळतं. बोटांचं टेंडन काढलं तर बोटं लुळी पडतील का, असं सगळे विचारतात. पडत नाहीत. बोटं वाकवणारे दुसरे लहान स्नायू तळव्यात असतात, अंगठ्याच्या टेंडनचे फाटेही त्यांना मदत करतात. जोर थोडा कमी होतो एवढंच. काही सर्जन गरज असेल तर टेपचा एक फाटा वर घोट्याच्या आतल्या हाडाकडेही नेतात, कारण तिथलं डेल्टॉइड लिगामेंट स्प्रिंग लिगामेंटला जोडूनच असतं आणि तेही सैल झालेलं असू शकतं.

टेप किती ताणायची यात सगळं कसब आहे. खुंट्याला बांधलेलं वासरू दाव्याच्या लांबीत मोकळं फिरतं, चरतं. लांब जायला लागलं की दावं ताणलं जातं आणि ते थांबतं. टेप तशी हवी. पाय साध्या हालचालीत असताना तिच्यावर ताण येऊ नये, ताण शिवलेल्या लिगामेंटवर यावा, म्हणजे त्याचे नवे तंतू त्या ताणाच्या दिशेने पक्के होतात. टॅलसचं डोकं मर्यादेबाहेर घसरू लागलं की मगच टेपने अडवायचं. दावं आखूड बांधलं, म्हणजे टेप फार ताणली, तर नॅविक्युलरचा सांधा आवळला जातो, आणि त्याच्याशी टाचेखालचा सांधाही अडतो. असा पाय सपाट रस्त्यावर चालतो. पंचगंगेच्या घाटावर किंवा शेताच्या बांधावर मात्र अडखळतो, कारण उंचसखल जमिनीवर पाय डावी-उजवीकडे वळवणारे सांधे हेच. शिवाय सगळा भार टेपनेच घेतला तर खालचं लिगामेंट आयतोबा होतं. म्हणून टेप पक्की करताना पाय मध्यावर, टाच सरळ ठेवून धरतात, आणि टेपखाली एखादं बारीक अवजार सरकवून थोडी ढील राखतात.

हाडं आधी, टेप नंतर

इथे माझं मत स्पष्ट आहे. अंदाजपत्रकाच्या ज्या कागदावर फक्त लिगामेंट आणि टेप आहे आणि हाडांबद्दल एक अक्षर नाही, त्या कागदावर प्रश्न विचारा. टाच बाहेर कललेली असेल तर पोटरीचा दणकट स्नायू प्रत्येक पावलाला तिला आणखी बाहेर ओढतो. त्या ओढीपुढे कुठलीही टेप वर्षानुवर्षं टिकण्याची अपेक्षा करणं चूक. म्हणून बहुतेक लवचीक पायांत टाचेचं हाड कापून सुमारे एक सेंटिमीटर आत सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. ओढीची दिशाच बदलते. पायाचा पुढचा भाग फार बाहेर वळला असेल तर टाचेच्या हाडाची बाहेरची बाजू हाडाचा तुकडा घालून लांबवतात. ही एव्हान्सची शस्त्रक्रिया, १९७५ सालची. पोटरी आखूड झाली असेल तर ती सैल करतात. आतल्या बाजूची हाडं वर उचललेली राहत असतील तर तिथे छोटी पाचर घालतात. हे सगळं प्रत्येक पायाला लागत नाही. कुठल्या पायाला काय लागेल हे उभं राहून, पायावर वजन देऊन काढलेल्या एक्स-रेवरून ठरतं. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये बसलेला पायही चांगला दिसतो. एक्स-रे काढायला जाल तेव्हा ‘उभं राहून’ हे शब्द चिठ्ठीवर आहेत का बघा.

टेपच्या बाजूने खरा मुद्दा आहे तो इथेच. टाचेची बाहेरची बाजू लांबवणं प्रभावी आहे, पण त्यानंतर काहींना बाहेरच्या कडेवर भार येऊन दुखतं, पाय ताठरतो. लिगामेंट भक्कम करून ते लांबवणं टाळता येईल का, निदान कमी करता येईल का, यावर सर्जन मंडळींत गंभीर चर्चा आहे. मृतदेहांच्या पायांवर केलेल्या प्रयोगांत टेप घातलेली दुरुस्ती नुसत्या टाक्यांपेक्षा जास्त भार सहन करते असं दिसलं आहे. रुग्णांवरचे प्रसिद्ध अनुभवही आशादायक आहेत. पण ते बहुतेक लहान गटांचे आणि थोड्या वर्षांचे आहेत, आणि टेपसोबत हाडांचंही काम झालेलं असल्यामुळे सुधारणेतला टेपचा वाटा वेगळा काढणं अवघड. त्यामुळे ‘नवी टेप घातली की पाय कायमचा बरा’ असं कोणी म्हणालं तर ते विक्रेत्याचं बोलणं समजा. त्याच वेळी ‘टेप म्हणजे पैसे काढायचा धंदा’ हेही बरोबर नाही. लिगामेंट स्पष्ट फाटलेलं आहे, शिवलं तरी कमकुवत राहणार आहे, अशा पायात तिला चांगलं कारण आहे. एमआरआयमध्ये लिगामेंट ठीक आहे आणि ऑपरेशनमध्ये उघडूनही ठीक दिसलं, तर तिची गरज कमी.

धोके लपवण्यासारखे नाहीत. जखम चिघळणं, जवळच्या नसेला इजा, अँकर सांध्यात घुसणं, गाठ चामडीखाली टोचणं, पाय जास्त आवळला जाणं, आणि पुन्हा बसणं. टेप परकी वस्तू आहे, जंतुसंसर्ग खोल गेला तर ती काढावी लागू शकते. मधुमेहात साखर आटोक्यात आणल्याशिवाय कुठला समजूतदार सर्जन हात लावत नाही. तंबाखूचं तर विचारूच नका. निकोटीनमुळे कापलेलं हाड जुळायला वेळ लागतो आणि जखमही रेंगाळते. आपल्याकडे अडचण अशी की बायका ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, आणि आधीच काही आठवडे बंद करा.

खर्चाचं बोलताना टेप आणि अँकरचा खर्च पॅकेजमध्ये आहे की वेगळा, हे लेखी घ्या. विमा किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वापरणार असाल तर इम्प्लांटचा खर्च त्यात धरला जातो का हे दाखल होण्याआधी विचारा. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात दाखवा, मिरज-बेळगाव-पुण्याला दुसरं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण दोन सर्जनची तुलना करताना ‘तुम्ही टेप घालता का’ यापेक्षा ‘माझ्या पायात टाच सरळ करायला काय करणार’ हे विचारलेलं बरं. त्या उत्तरावरून जास्त कळतं.

त्यानंतरचं वर्ष

ऑपरेशन दोन-तीन तासांचं, पण त्यानंतरचं वर्ष लांबलचक. साधारण पहिले दोन आठवडे प्लास्टर आणि पाय उशीवर, हृदयापेक्षा उंच. मग टाके काढतात. एकंदर सहा आठवडे पायावर भार द्यायचा नसतो. हे सहा आठवडे टेपमुळे फार कमी होत नाहीत, कारण कापलेलं हाड आपल्याच वेगाने जुळतं. कुणी ‘टेपमुळे लवकर चालवतो’ म्हणालं तर हाड कापलंय का ते विचारा. या काळात पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर रक्ताच्या गुठळीचा संशय धरून लगेच दवाखाना गाठायचा.

घराची तयारी ऑपरेशनआधी करा. पेठांतल्या जुन्या घरांत जिना अरुंद आणि उभा असतो, संडास खाली किंवा मागच्या दारी. वॉकर त्या जिन्यावर चालत नाही. तेव्हा खालच्या खोलीत झोपायची सोय, कमोडची खुर्ची, न्हाणीघरात स्टूल, एवढं आधी हवं. पावसाळ्यात ऑपरेशन टाळता आलं तर उत्तम, ओल्या फरशीवर कुबड्या सटकतात. उजवा पाय असेल तर गाडी बरेच आठवडे विसरायची, आणि परत सुरू करायची ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

सहा आठवड्यांनंतर आधाराच्या बुटात थोडा थोडा भार. मग आमचं काम सुरू होतं. आधी सूज, मग घोटा वर-खाली, मग टॉवेल बोटांनी गोळा करणं, रबर बँड लावून पाय आत ओढणं. बोटांचं टेंडन आता कमानीचं काम करणार असतं, त्याला ते शिकवावं लागतं, आणि तो भाग सगळ्यात चिवट. तीन महिन्यांच्या आसपास साध्या बुटात इनसोल घालून चालता येतं. दोन्ही टाचा एकदम उचलणं आधी जमतं. एका पायावर टाच उचलायला सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. संध्याकाळची सूज वर्षभर राहू शकते, तिने घाबरू नका. जोतिबाच्या पायऱ्यांचा नवस असेल तर तो वर्षभर पुढे ढकला, देव समजून घेतो.

आणि दुसऱ्या पायाकडे बघा. ते सहा आठवडे सगळं वजन त्याच्यावर असतं, आणि हे दुखणं पुष्कळदा दोन्हीकडे कमी-जास्त असतंच. ऑपरेशन एका पायाचं असलं तरी इनसोल दोन्हींसाठी आधीच करून घ्या, आणि चांगल्या पायाच्या आतल्या बाजूला नवीन दुखणं सुरू झालं तर पहिल्या महिन्यातच सांगा. त्या टप्प्यावर ते बहुधा इनसोल आणि व्यायामावर थांबतं.